अल्ब्युमिन २.१ आलंय, मग अमिनो ॲसिडची बाटली का लावत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई, वय ५८, वजन साधारण ६० किलो. मुतखडा अडकून मूत्रपिंडात पू झाला आणि त्यातून सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयवच बिघडायला लागणं. स्टेंट टाकून पू बाहेर काढला. आज आयसीयूतला चौथा दिवस. व्हेंटिलेटर चालू आहे, बीपी टिकवायचं नॉरॲड्रेनॅलिन हळूहळू उतरतंय, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढतं ते) २.४. रिपोर्टात अल्ब्युमिन २.१. हातपाय सुजलेत आणि मांड्या मात्र हाताला मऊ लागतात. नाकातल्या नळीतून ताशी जेमतेम ३० मिली फीड जातंय. ओळखीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की ग्लुटामाइन (हेही एक अमिनो ॲसिडच) आणि दहा टक्क्यांची अमिनो ॲसिडची, म्हणजे प्रोटीन ज्या विटांपासून बनतं त्यांची, बाटली रोज शिरेतून लावून घ्या. आयसीयूतले डॉक्टर म्हणतात, थोडं थांबू. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, "आईला उपाशी ठेवतायत का?"

नाही, उपाशी ठेवत नाहीयेत. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी चौथ्या दिवशी मीही जवळपास हेच केलं असतं. आणि ओळखीतले डॉक्टर काहीतरी भलतंच सांगतायत असंही नाही. ते सांगतायत ते मी स्वतः बरीच वर्षं केलंय, अगदी मनापासून केलंय. तेव्हा मी ते का सोडलं, हे सांगितलं म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप येईल.

आधी त्या २.१ बद्दल, कारण नातेवाइकांची निम्मी काळजी तिथूनच सुरू होते. अल्ब्युमिन हे प्रोटीन आहे, ते कमी झालं, म्हणजे प्रोटीन कमी पडलं, म्हणजे प्रोटीन द्या. साखळी सरळ दिसते. पण रक्तातल्या अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्यच, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, जवळजवळ तीन आठवड्यांचं असतं. चार दिवस पोटात कमी गेलं म्हणून ते ३.८ वरून २.१ वर येऊच शकत नाही. ते उतरतं दुसऱ्याच कारणांनी. सेप्सिसमध्ये बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या होतात आणि अल्ब्युमिन रक्तातून बाहेर, ऊतींमध्ये जातं. हातापायांवर दिसणारी सूज बरीचशी याचीच. पहिल्या दिवशी बीपी सावरायला लिटरच्या लिटर सलाईन दिलेलं असतं, त्याने उरलेलं पातळ होतं. शिवाय यकृत त्या काळात अल्ब्युमिन बनवायचं काम मागे टाकून सीआरपीसारखी तातडीची प्रोटीनं बनवायला लागतं. थोडक्यात, २.१ हा आकडा आजार किती जोराचा आहे ते सांगतो. आईच्या पोटात किती गेलं, ते तो सांगत नाही.

बरं, हा आकडा भरून काढला तर? तेही करून झालंय. इटलीत १,८१८ सेप्सिसच्या रुग्णांवर अभ्यास झाला, २०१४ साली छापून आला. निम्म्यांना शिरेतून अल्ब्युमिन देऊन पातळी ३ च्या वर ठेवायचा प्रयत्न केला. आकडा सुधारला. २८ दिवसांतले मृत्यू एका गटात ३१.८ टक्के, दुसऱ्यात ३२. हा अभ्यास लक्षात ठेवा, कारण पुढे ग्लुटामाइन, आर्जिनीन, एकूण प्रोटीन, सगळीकडे हेच कथानक पुन्हा पुन्हा येणार आहे: कमी दिसलं, भरून काढलं, आणि रुग्णाला त्याचं काहीच पडलेलं नव्हतं. कधीकधी तर त्रासच झाला.

मांड्या मऊ पडल्यात हे तुमचं निरीक्षण मात्र अचूक आहे, आणि ते अल्ब्युमिनपेक्षा शंभरपट महत्त्वाचं आहे. आम्ही काही रुग्णांच्या मांडीची सोनोग्राफी करतो. मांडीवर मार्करने एक खूण करायची, म्हणजे दर वेळी प्रोब त्याच जागी टेकतो. पहिल्या दिवशी पडद्यावर स्नायूचा गडद, जाड पट्टा दिसतो. सातव्या दिवशी त्याच खुणेवर प्रोब ठेवला की पट्टा बारीक झालेला असतो आणि त्याचा गडदपणा जाऊन तो धुरकट, पांढरट दिसायला लागलेला असतो. मिलिमीटरचा हिशेब असतो, पण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की विसरता येत नाही. लंडनमध्ये ६३ रुग्णांवर हे नीट मोजलं गेलं (२०१३): दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी १७.७ टक्क्यांनी घटलं. ज्यांचे एकापेक्षा जास्त अवयव बंद पडले होते त्यांच्यात घट आणखी मोठी होती. त्याच्याही आधी, १९९८ मध्ये, न्यूझीलंडच्या गटाने गंभीर सेप्सिसच्या रुग्णांचं सबंध शरीरातलं प्रोटीन मोजलं होतं. तीन आठवड्यांत सुमारे १३ टक्के, म्हणजे जवळपास १.२ किलो प्रोटीन गेलं. आणि हे रुग्ण उपाशी नव्हते, त्यांना व्यवस्थित पोषण चालू होतं.

ही गळती नवी नाही. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की पाय मोडलेल्या माणसाच्या लघवीतून इतका नायट्रोजन (प्रोटीन मोडलं की बाहेर पडतो तो) जातो की तो एकट्या मोडलेल्या पायातून येणं शक्यच नाही, सगळं शरीर झिजत असतं. झिजून जातं कुठे? स्नायू फुटून मोकळी झालेली अमिनो ॲसिडं रक्तात येतात. यकृत त्यांपासून साखर आणि तातडीची प्रोटीनं बनवतं, पांढऱ्या पेशी आणि आतड्याचं अस्तर ती इंधन म्हणून वापरतं. म्हणजे बघा, आईच्या शरीराने स्वतःच स्वतःला अमिनो ॲसिडची बाटली लावून घेतली आहे, स्वतःच्या मांडीतून. सेप्सिसच्या पहिल्या दिवसांत रक्तात अमिनो ॲसिडची ये-जा आधीच भरपूर चालू असते. अडचण पुरवठ्याची नसते, बांधकामाची असते.

बांधकाम का थांबतं, याचा एक सुंदर अभ्यास २०२२ चा आहे, ऑस्ट्रेलियातला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना आणि निरोगी माणसांना नळीने खुणेचं प्रोटीन दिलं, म्हणजे त्यातलं अमिनो ॲसिड पुढे कुठे गेलं ते शोधता यावं असं. पचन आणि शोषण दोघांत जवळजवळ सारखंच निघालं. आतड्यातून अमिनो ॲसिड रक्तात आलं, पण रुग्णांच्या स्नायूत त्यापासून नवं प्रोटीन बनण्याचं प्रमाण निरोग्यांपेक्षा ६० टक्क्यांनी कमी. विटांचा ट्रक दारात उभा आहे आणि गवंडी संपावर. अशा वेळी दुसरा ट्रक मागवून काय होईल? रस्ता अडेल.

आता ग्लुटामाइन. इथे जरा थांबायला हवं, कारण तुम्हाला सुचवलेली मुख्य गोष्ट हीच आहे.

ग्लुटामाइनमागचा तर्क खरोखर मोहक होता. रक्तात आणि स्नायूत सर्वांत जास्त सापडणारं मोकळं अमिनो ॲसिड हेच. पांढऱ्या पेशी आणि आतडं त्याच्यावर चालतात. गंभीर आजारात अनेकांच्या रक्तातलं ग्लुटामाइन उतरतं, आणि ज्यांचं उतरतं ते जास्त दगावतात. त्यात एक तांत्रिक गंमत अशी की नेहमीच्या अमिनो ॲसिडच्या बाटलीत ग्लुटामाइन नसतंच. द्रावणात ते टिकत नाही, म्हणून ते वेगळं, दुसऱ्या अमिनो ॲसिडला जोडून द्यावं लागतं. त्यामुळे "आम्ही सगळी अमिनो ॲसिडं देतो आणि नेमकं सगळ्यांत गरजेचं तेच विसरतो" हे वाक्य आम्हा सगळ्यांच्या मनावर ठसलं होतं. १९९७ मध्ये लिव्हरपूलमधल्या ८४ रुग्णांचा अभ्यास आला: ग्लुटामाइनवाल्या ४२ पैकी २४ जण सहा महिन्यांनी जिवंत, बाकीच्या ४२ पैकी १४. एवढा फरक पाहिल्यावर कोण थांबेल? मी नाही थांबलो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत सेप्सिसच्या रुग्णाच्या औषधांच्या यादीत अँटिबायोटिकच्या खालोखाल मी ग्लुटामाइन लिहीत असे.

मग २०१३ मध्ये रेडॉक्स अभ्यास आला. १,२२३ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर आणि किमान दोन अवयव बिघडलेले, म्हणजे अगदी तुमच्या आईसारखे. दाखल झाल्यावर २४ तासांच्या आत भरपूर ग्लुटामाइन सुरू केलं, शिरेतूनही आणि नळीतूनही. २८ दिवसांत ग्लुटामाइन गटात ३२.४ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात २७.२. रुग्णालयातले आणि सहा महिन्यांपर्यंतचे मृत्यूही ग्लुटामाइन गटातच जास्त. नंतर आकडे उलगडून पाहिले तेव्हा ज्यांची मूत्रपिंडं सुरुवातीलाच बिघडलेली होती त्यांना नुकसान जास्त झालेलं दिसलं. आईचं क्रिएटिनिन २.४ आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट या अभ्यासाच्या एका कोपऱ्यात होती. ६६ रुग्णांचं ग्लुटामाइन उपचाराआधी मोजलं होतं. त्यांतल्या जेमतेम ३१ टक्के लोकांचं ते कमी होतं. पंधरा टक्क्यांचं तर नेहमीपेक्षा जास्त! मी इतकी वर्षं प्रत्येक सेप्सिसच्या रुग्णात "तूट" गृहीत धरून ती भरत होतो. मोजलं कधीच नव्हतं. पुढच्याच वर्षी युरोपातल्या ३०१ रुग्णांच्या अभ्यासात ग्लुटामाइन, माशाचं तेल आणि अँटिऑक्सिडंट घातलेलं जास्त प्रोटीनचं फीड तपासलं गेलं. जंतुसंसर्ग कमी झाले नाहीत आणि शस्त्रक्रियेशिवायच्या आजारांनी दाखल झालेल्यांत सहा महिन्यांनी मृत्यू जास्त निघाले. भाजलेल्या रुग्णांना तरी उपयोग होईल अशी आशा होती, तीही २०२२ मध्ये १,२०९ रुग्णांच्या अभ्यासाने संपवली.

सेप्सिसच्या उपचारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्येच ग्लुटामाइन देऊ नये असं स्पष्ट लिहिलं. युरोपच्या पोषण संघटनेचं म्हणणंही असंच, विशेषतः यकृत आणि मूत्रपिंड बिघडलेल्या अस्थिर रुग्णात तर नकोच. त्यामुळे ग्लुटामाइनबद्दल माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नको.

आर्जिनीनची गोष्ट वेगळीच, आणि मला ती शिकवायला फार आवडते. आर्जिनीनपासून शरीर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. सेप्सिसमध्ये बीपी पडतं त्यात याचा मोठा हात. आता दोन गट पडले. एक म्हणे, आर्जिनीन सेप्सिसमध्ये घटतं (खरंच घटतं, आतडं सिट्रुलीन बनवतं, मूत्रपिंड त्याचं आर्जिनीन करतं, आणि दोन्ही आजारी), तर ते द्या. दुसरा म्हणे, उलट नायट्रिक ऑक्साइडच बंद करा म्हणजे बीपी वाढेल. दुसऱ्या गटाचं औषध ७९७ रुग्णांवर तपासलं. बीपी छान वाढलं, आणि मृत्यू ४९ टक्क्यांवरून ५९ टक्क्यांवर गेले. अभ्यास मध्येच थांबवावा लागला, २००४ मध्ये निकाल छापला. आर्जिनीनवाल्या फीडचंही गंभीर सेप्सिसमध्ये नीट जमलं नाही. इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात २००३ मध्ये ते घेणाऱ्यांत मृत्यू इतके जास्त दिसले की त्या गटातली भरती थांबवली गेली. तोच रेणू वाढवायला जा किंवा अडवायला जा, दोन्हीकडे हात पोळले. शस्त्रक्रियेआधी, सेप्सिस नसलेल्या रुग्णात आर्जिनीनवाल्या फीडला जागा आहे, पण तो विषय तुमचा नाही.

बाकीची नावं तुमच्या कानावर पडतील: फांद्यांची अमिनो ॲसिडं, म्हणजे ल्युसीन आणि त्याची भावंडं, एन-ॲसिटिलसिस्टीन, कार्निटीन. सेप्सिसमध्ये यांतल्या कशानेही जीव वाचतात असं दिसलेलं नाही. कार्निटीन सेप्टिक शॉकच्या २५० रुग्णांत तीन वेगवेगळ्या मात्रांत देऊन पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला, अवयवांचा बिघाड कमी झाला नाही. यावर आणखी वेळ घालवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, एखादं अमिनो ॲसिड वेगळं काढून देऊ नका. पण सगळी मिळून, म्हणजे साधं प्रोटीनच भरपूर द्या की! हा प्रश्न रास्त आहे, आणि गेल्या काही वर्षांत त्यावर चांगलं काम झालंय.

२०२३ च्या एफर्ट अभ्यासात १,३०१ रुग्ण होते, १६ देशांतले. एका गटाला दर किलो वजनामागे रोज २.२ ग्रॅम किंवा जास्त प्रोटीन द्यायचं ठरलं, दुसऱ्याला १.२ किंवा कमी. प्रत्यक्षात १.६ आणि ०.९ ग्रॅम पोचलं. आयसीयूत कागदावरचं आणि नळीतलं यात एवढं अंतर नेहमीच पडतं, त्यावर पुढे येतो. जिवंत घरी जाण्याच्या वेगात फरक पडला नाही. ज्यांची मूत्रपिंडं बिघडली होती आणि जे सर्वांत जास्त आजारी होते, त्यांना जास्त प्रोटीनने नुकसान झाल्याची चिन्हं दिसली. २०२४ मध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ९३५ रुग्णांचा प्रिसाइज अभ्यास आला, २ ग्रॅम विरुद्ध १.३ ग्रॅम. यात सहा महिन्यांपर्यंत रुग्णांचं चालणं-फिरणं, वेदना, रोजचं जगणं कसं आहे ते विचारलं होतं. जास्त प्रोटीन घेतलेल्यांचं जगणं थोडं वाईटच होतं. मला स्वतःला हा निकाल आवडला नाही, खरं सांगतो. मी उलट निकालावर पैज लावली असती. पण आवडला नाही म्हणून निकाल बदलत नाही.

दुसऱ्या बाजूने फ्रान्समधला न्यूट्रिरिया-३ अभ्यास, तोही २०२३ चा. ३,०४४ रुग्ण, सगळे व्हेंटिलेटरवर आणि बीपीच्या औषधावर. पहिला आठवडा एका गटाला अगदी थोडं खाणं: दर किलोमागे ६ कॅलरी आणि ०.२ ते ०.४ ग्रॅम प्रोटीन. दुसऱ्या गटाला २५ कॅलरी आणि १ ते १.३ ग्रॅम. तीन महिन्यांनंतरच्या मृत्यूत फरक नाही. पण कमी खाणारे आयसीयूतून लवकर बाहेर पडायला तयार झाले, त्यांना उलट्या, जुलाब आणि यकृताचा बिघाड कमी झाला, आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची भीषण गुंतागुंतही कमी. तुमच्या आईला ताशी ३० मिली जातंय ते या दोन टोकांच्या मध्ये येतं. ते मुद्दाम तसं ठेवलेलं असणार.

जास्तीचं अमिनो ॲसिड जातं कुठे, हे मी एका रुग्णावर शिकलो. आतडं फुटून सेप्सिस झालेला चाळिशीतला माणूस, शस्त्रक्रियेनंतरचा तिसरा दिवस. मी उत्साहाने पूर्ण मात्रेत अमिनो ॲसिड शिरेतून सुरू केलं, वर ग्लुटामाइन. चार दिवसांत युरिया, म्हणजे प्रोटीन जळून उरणारा कचरा, ६० वरून १९० वर. क्रिएटिनिन जवळपास जागच्या जागी. माणूस पेंगायला लागला. मी नवा संसर्ग शोधतोय, कल्चर पाठवतोय, सीटी स्कॅनची चर्चा करतोय. रात्रपाळीच्या सिस्टर तक्ता हातात घेऊन म्हणाल्या, "सर, हा आकडा बाटली लावल्यापासूनच चढतोय ना?" त्यांचं बोट बरोबर त्या तारखेवर होतं. मात्रा निम्म्याहून कमी केली, तीन दिवसांत युरिया उतरायला लागला. तो माणूस जागा झाला त्याला इतरही कारणं असतील, पण युरियाचं कारण एकच होतं. हिशेब साधा आहे: १०० ग्रॅम अमिनो ॲसिडमध्ये सुमारे १६ ग्रॅम नायट्रोजन, तो सगळा जळला तर ३४ ग्रॅमच्या आसपास युरिया. बेल्जियममधल्या ४,६४० रुग्णांच्या अभ्यासात (२०११) पहिल्या आठवड्यातच शिरेतून पोषण देणाऱ्यांची प्रकृती मागे पडली. त्यातला नायट्रोजन मोजला तेव्हा जास्तीच्या अमिनो ॲसिडचा बराच मोठा भाग स्नायूत न जाता थेट युरियाच्या वाटेने गेला होता. शिवाय भरपूर पोषण मिळालं की पेशींचं आतली मोडतोड साफ करण्याचं काम मंदावतं, आणि आजारी पेशीला नेमकी तीच सफाई हवी असते, असंही त्या संशोधकांचं म्हणणं आहे.

मूत्रपिंडासाठी अमिनो ॲसिड चांगलं असतं, असंही कोणी तुम्हाला सांगेल, आणि तेही हवेतलं बोलणं नाही. अमिनो ॲसिडने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा वाढतो हे खरंय. २०२४ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या ३,५११ रुग्णांत ते शिरेतून दिल्यावर मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण ३१.७ वरून २६.९ टक्क्यांवर आलं. चांगला अभ्यास आहे. पण ते रुग्ण ठरवून शस्त्रक्रियेला आलेले, इजा व्हायच्या आधीच औषध मिळालेले. आईच्या मूत्रपिंडाला इजा होऊन गेली आहे. आयसीयूतल्या ४७४ मिश्र रुग्णांना रोज १०० ग्रॅमपर्यंत अमिनो ॲसिड देऊन पाहिलं होतं (२०१५), मूत्रपिंडाच्या बिघाडाचा काळ कमी झाला नाही.

मग करायचं काय? प्रोटीन द्यायचंच आहे, पण पायऱ्या चढत. बीपीचं औषध स्थिरावलं, लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडल्याची रक्तातली खूण) उतरलं, पोट साथ देतंय, की फीड दर दिवसाला वाढवायचं आणि पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे दर किलोमागे १.२ ते १.३ ग्रॅमला पोचायचं. ६० किलोच्या आईसाठी ते होतात रोजचे ७२ ते ७८ ग्रॅम प्रोटीन. सूज धरून वजन ७० भरत असेल तर हिशेब त्यावर करायचा नाही, आजारपणाआधीच्या वजनावर करायचा. ही चूक फार होते.

शिरेतल्या बाटलीलाही जागा आहे. आतडं चालतच नसेल, फुटलेलं किंवा अडकलेलं असेल, किंवा आठवडा होत आला तरी नळीतून निम्म्याच्या वर काही जात नसेल, तर ती लावायची, आणि एकटी नाही, ग्लुकोज आणि स्निग्धांशासकट. आधीच कुपोषित असलेल्या रुग्णात हा निर्णय लवकर घ्यावा लागतो, आणि तिथे फॉस्फेट रोज बघावं लागतं, कारण बऱ्याच दिवसांनी अन्न सुरू झालं की ते कोसळतं. चोवीस तासांचं डायलिसिस चालू असेल तर त्यातून रोज दहा-पंधरा ग्रॅम अमिनो ॲसिड वाहून जातं, तेवढं वाढवून द्यायचं. बाटली लावलीच तर आणखी एक बारीक हिशेब: दहा टक्क्यांच्या ५०० मिलीमध्ये ५० ग्रॅम अमिनो ॲसिड असतं, पण ते ५० ग्रॅम प्रोटीनच्या बरोबरीचं नसतं. अमिनो ॲसिडं साखळीत जोडून प्रोटीन बनताना पाणी निघून जातं, म्हणून ते ४१-४२ ग्रॅम प्रोटीन धरायचं.

आणि आता तो कागद आणि नळीतला फरक. मला विचाराल तर खरी उपासमार इथे होते, बाटलीअभावी नाही. तक्त्यावर लिहिलेलं असतं ताशी ६० मिली. सकाळी सीटीला न्यायचं म्हणून सहा वाजता बंद. सीटीचा नंबर लागतो अकराला. परत आल्यावर पोझिशन बदलताना पुन्हा बंद, नंतर सुरू करायचं राहून जातं. दुपारी नळीची जागा तपासायला एक्स-रे, तोपर्यंत बंद. रात्री बेरीज केली की १,४४० मिलीऐवजी ८०० गेलेलं असतं, आणि कोणाचीच चूक नसते. आमच्याकडे आम्ही आता ताशी वेग न लिहिता दिवसाचं एकूण लिहितो, म्हणजे मधे बंद राहिलं तर उरलेल्या तासांत सिस्टर वेग वाढवून भरून काढतात. अमिनो ॲसिडच्या कुठल्याही बाटलीपेक्षा या एका बदलाने जास्त प्रोटीन पोचलं.

व्यायामाबद्दलही खोटी आशा देत नाही. हालचाल हवीच, पण २०२२ मधल्या ७५० रुग्णांच्या अभ्यासात व्हेंटिलेटरवर असताना जोर लावून जास्त व्यायाम देणाऱ्यांचा नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा फायदा झाला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडण्यासारखे त्रास वाढले. फिजिओथेरपिस्ट जे करतात ते करू द्या, तेवढं पुरे.

स्नायू परत मिळवायची खरी वेळ पुढे आहे, आणि नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष उडतं. व्हेंटिलेटर निघतो, नाकातली नळी निघते, सगळे खूश होतात, "आता तोंडाने खातील" म्हणतात. आईच्या घशात नळीमुळे जखम असेल, चव गेलेली असेल, दोन घास खाऊन दम लागेल. नळीतून ७५ ग्रॅम प्रोटीन घेणारा रुग्ण तोंडाने २५-३० ग्रॅमवर येतो, आणि तेही नेमकं गवंडी कामावर परतू लागलेले असताना. माझ्या वॉर्डात मी हल्ली नळी काढायची घाई करू देत नाही. दिवसा तोंडाने, रात्री नळीने, असे काही दिवस दोन्ही चालू ठेवतो. रुग्णांना नळी आवडत नाही, नातेवाइकांनाही नाही, वाद होतात. मी तो वाद घालतो.

तेव्हा उद्या राउंडच्या वेळी डॉक्टरांना बाटलीबद्दल विचारू नका. हे विचारा: स्टेंटनंतर पू पूर्ण निघाला का, की पुन्हा सोनोग्राफी लागेल? कारण तो आत राहिला तर कुठलंही पोषण झीज थांबवणार नाही. काल चोवीस तासांत ठरवलेल्यापैकी प्रत्यक्ष किती मिली फीड गेलं? फॉस्फेट किती आहे? सातव्या दिवशी प्रोटीनचं लक्ष्य किती ग्रॅम ठरवलंय, आणि ते आजारपणाआधीच्या वजनावर आहे ना? आणि नळी काढायचं ठरेल त्या दिवशी, तोंडाने किती जातंय हे कोण लिहून ठेवणार आहे? कोणी नसेल तर ते तुम्ही लिहा. एक वही, तारीख, काय खाल्लं, किती उरलं.